यंत्रानें दाबलेली मातीची वीट : परीक्षा व खर्च

ह्या त्रैमासिकाचे वाचक ताम्रपट, मोडी दप्तरें आणि पोथ्या यांचे परीक्षक आहेत. त्यांच्यापुढें विटेचा विषय मांडण्याचें धाडस कां करितों, तें आरंभींच सांगितलें पाहिजे. गेल्या वर्षीं एका सभेंत एका विद्वान् वक्त्यांनीं असें विधान केलें कीं, माती व थोडें सिमेंट कालवून यंत्रांत दाबून जी वीट आजकाल करितात, तिची कल्पना पाश्चात्त्यांची नसून आपल्या शुल्बकारांची होय. कारण इष्टका 'करणानें' करावी असें शुल्बसूत्रांत आहे, आणि करण म्हणजे यंत्र. सभेंत टाळ्या पडल्या. योगायोग असा कीं, त्याच दिवसांत आमच्या गांवच्या वाचनालयाच्या आवारांत पोथ्यांच्या पेट्या ठेवण्याकरितां एक खोली अशाच विटांची बांधावी असें ठरलें होतें, आणि देखरेखीचें काम आमच्यावर आलें होतें. पैसा वर्गणीचा, पोथ्या लोकांनीं विश्वासानें दिलेल्या. तेव्हां सभेंतील विधान आणि आवारांतील वीट या दोहोंचीही परीक्षा आम्हांस एकदमच करावी लागली. तिचा वृत्तांत येथें देतों.

प्रथम शब्दाचा निकाल लावूं. 'करण' याचा धात्वर्थ 'ज्यानें करावयाचें तें साधन' असा आहे हें खरें. परंतु साधन म्हणजे यंत्र असें म्हटल्यास कुऱ्हाड व लेखणी हींही यंत्रेंच ठरतील. शुल्बसूत्रांत हा शब्द इष्टकेच्या सांच्यासाठीं येतो. सांचा म्हणजे चौकट. तींत कालवलेली माती भरावयाची आणि चौकट उचलून घ्यावयाची. हें आमचें अनुमान नव्हे. त्यास अंतर्गत पुरावा आहे. मानव शुल्बसूत्रांत असा नियम सांगितला आहे कीं, केलेली वीट नेहमीं आपल्या मापाच्या तिसाव्या भागानें आंखडते, करितां जो इष्ट माप साधूं इच्छितो त्यानें करण तितकें मोठें करावें. म्हणजे तीस अंगुलांच्या करणांतील वीट एकोणतीस अंगुलांची होणार. आतां जी वस्तु शेंकडा तीनांहून अधिक आंखडते ती ओल्या, मऊ, हातानें भरलेल्या मातीची असली पाहिजे. यंत्रांत दाबावयाची माती जेमतेम दमट असते. तींत पाणी थोडें, म्हणून तिचें आंखडणेंही अल्प; इतकें आंखडली तर ती वीट टाकूनच द्यावी लागेल. ज्या वचनाच्या आधारें यंत्र सिद्ध करावयाचें, त्याच्या शेजारचें वचन यंत्राचा अभाव सिद्ध करितें. वक्त्यांनीं एक शब्द वाचला, प्रकरण वाचलें नाहीं, एवढेंच म्हणतों.

शुल्बकारांची थोरवी याच्यानें कमी होते असें मात्र कोणी समजूं नये. श्येनचितीचे पांच थर, दर थरास दोनशें इष्टका, अशा एक हजार इष्टका. आणि क्षेत्र बरोबर साडेसात पुरुष भरलें पाहिजे. एका विटेंतील चूक थरांत वाढत जाते. म्हणून त्यांची सर्व दृष्टि मापावर. भार किती सोसेल, पाण्यांत किती टिकेल, हे प्रश्न त्यांच्यापुढें नव्हतेच. चयनाची वीट क्षेत्र भरण्यासाठीं होती, छप्पर तोलण्यासाठीं नव्हे. तरी तिसाव्या भागाचा नियम हा मातीच्या आकुंचनाची मोजलेली नोंद आहे, आणि पुढें जी पेटीची परीक्षा आम्ही सांगणार आहों तिचें मूळतत्त्वही हेंच.

बांधकामाच्या विटेची परीक्षा पाहावयाची तर शिल्पग्रंथांकडे वळावें. मयमताची प्रत इ. स. १९१९ मध्यें त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेंत गणपतिशास्त्री यांनीं छापली, तेव्हांपासून ती सर्वांस सुलभ झाली आहे. द्रव्यपरिग्रहाच्या अध्यायांत मातीचे चार प्रकार दिले आहेत : खारी, पांडुर, काळी चिकण आणि तांबूस. यांपैकीं विटेस तांबूस घ्यावी असा निर्णय आहे. ती भुसा, कोळसा, हाडें व खडे यांपासून मुक्त असावी, पाण्यांत भिजवून पुनःपुन्हां तुडवावी, असाही विधि आहे. वीट भाजावयाचीच आहे. पण सगळा कटाक्ष माती निवडण्यावर व मळण्यावर आहे. काळी चिकण माती ग्रंथकारानें नांव घेऊन वगळली, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आमच्या हातून तें ध्यानांत राहिलें नाहीं, आणि त्याचा दंड भरावा लागला.

खरें पाहतां ग्रंथ उघडण्याचीही गरज नव्हती. आपल्या जुन्या कागदपत्रांत 'काळी' आणि 'पांढरी' ही जोडी पदोपदीं भेटते. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. वतनाच्या वादांत हे शब्द आम्हीं शेंकडों वेळां वाचले असतील, व प्रत्येक वेळीं जमिनीच्या हक्काचा अर्थ घेऊन पुढें गेलों असूं. देशावरील गढ्यांच्या व वाड्यांच्या जाड भिंती आणि धाब्यांचे थर पांढऱ्या मातीचे. काळ्या मातीची भिंत कोणी शहाण्यानें घातली नाहीं. काळी पावसांत फुगते व उन्हांत भेगाळते, हें ज्यास ठाऊक नाहीं असा कुणबी नसेल. शब्दांचा अर्थ जाणणें आणि वस्तु जाणणें यांत केवढें अंतर असतें तें या वयांत कळलें.

पश्चिमेकडील प्राचीनांत व्हिट्रुव्हिअस या रोमन शिल्पज्ञाचा उल्लेख केला पाहिजे. त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत न भाजलेल्या विटेचें प्रकरण आहे. वीट वसंतांत किंवा शरदांत घालावी, म्हणजे ती सारखी वाळते. ग्रीष्मांत घातल्यास वरून वाळलेली दिसते व आंत ओली राहते. दोन वर्षें वाळल्यावांचून ती वापरूं नये, असें तो सांगतो. उटिका नगरीची चाल त्यानें विशेष म्हणून नोंदली आहे : तेथें पांच वर्षें वाळलेली व नगराधिकाऱ्यानें तशी खात्री करून मान्य केलेली वीटच भिंतींत घालीत. विटेची सरकारी तपासणी ही इतकी जुनी गोष्ट आहे. परंतु ही तपासणी वयाची व कोरडेपणाची. दाबाचा संबंध येथेंही नाहीं.

दाब प्रथम येतो तो फ्रान्सांत. फ्रान्स्वा क्वांतरो (१७४०–१८३०) हा लिऑंचा बांधकामज्ञ. त्या प्रांतीं दमट माती दोन फळ्यांमध्यें घालून धुमसानें ठोकून भिंत उभी करण्याची जुनी रीत होती. क्वांतरोनें तिच्यावर इ. स. १७९० पासून ग्रामीण वास्तुविद्येची पाठमाला छापून काढिली. सात वर्षांनीं तिचा इंग्रजी गोषवारा हेन्री हॉलंड यानें प्रसिद्ध केला. सबंध भिंत ठोकण्याऐवजीं तीच माती सुट्या ठोकळ्यांत दाबून घ्यावी असें क्वांतरोच्या मनांत आलें, आणि त्यासाठीं द्राक्षें पिळण्याच्या चरकावरून त्यानें एक यंत्र रचलें. त्याला त्यानें 'क्रेसीझ' असें नांव दिलें. यंत्रानें दाबलेल्या मातीच्या विटेचा ज्ञात आरंभ हा. पण तें यंत्र पसरलें नाहीं. पुढें विसाव्या शतकाच्या प्रारंभीं जड झांकण सांच्यावर आपटणारीं कांहीं यंत्रें निघालीं, भट्टीवाल्यांनींही भाजावयाच्या विटेसाठीं दाबयंत्रें घेतलीं. न भाजलेल्या विटेचें पाऊल मात्र दीडशें वर्षें अडून राहिलें.

कां अडलें, याचें उत्तर आमच्या मतें लोखंडांत नाहीं. दोन गोष्टी कळावयाच्या राहिल्या होत्या. एक पाण्याची. कॅलिफोर्नियांतील प्रॉक्टर नामक अभियंत्यानें मातीच्या धरणांचीं कामें करितांना असें दाखविलें कीं, ठोकण्याचा जोर तोच ठेविला तर प्रत्येक मातीस पाण्याचें एक ठराविक प्रमाण असतें. त्या प्रमाणावर ती अत्यंत घट्ट बसते, त्याहून कोरडी किंवा ओली असल्यास सैल राहते. हे लेख इ. स. १९३३ चे. दुसरी गोष्ट सिमेंटची. मातींत थोडें सिमेंट मिसळून दाबल्यास ती पाण्यानें विरघळत नाहीं, याचा मोठा प्रयोग इ. स. १९३५ मध्यें दक्षिण कॅरोलिनांतील जॉन्सनव्हिल येथें झाला, आणि तोही घरावर नव्हे, रस्त्यावर. घराच्या भिंतीचें ज्ञान धरणाकडून व सडकेकडून आलें, हा इतिहास वास्तुशास्त्राच्या अभिमान्यांस रुचणार नाहीं. पण तो असा आहे.

आपल्याकडे या ज्ञानाचा मोठा उपयोग फाळणीनंतर लगेच झाला. निर्वासितांसाठीं कर्नाळ येथें इ. स. १९४८ मध्यें सुमारें चार हजार घरें ठोकलेल्या मातीचीं बांधलीं गेलीं. मातींत सिमेंट शेंकडा अडीच. हीं घरें विटांचीं नव्हेत, सलग ठोकलेल्या भिंतींचीं होत. पण इतक्या अल्प सिमेंटवर त्या भिंती उभ्या राहिल्या याचें श्रेय यमुनेच्या मैदानांतील गाळाच्या मातीस दिलें पाहिजे.

मग पुढील दशकांत दक्षिण अमेरिकेंत बोगोटा येथील सिन्व्हा नामक गृहनिर्माण केंद्रांत राउल रामिरेझ या अभियंत्यानें एक लहान हातयंत्र काढिलें. केंद्राच्या व कर्त्याच्या नांवावरून त्यास सिन्व्हा-राम म्हणतात. लोखंडी पेटी, वर झांकण, आणि एक लांब दांडा. दांडा एका बाजूस ओढला कीं पेटीचा तळ वर येऊन माती दबते. झांकण सारून दांडा दुसऱ्या बाजूस नेला कीं वीट वर निघते. वीट सुमारें २९ सेंटिमीटर लांब, १४ रुंद, ९ उंच. दोन माणसांनीं उचलून नेण्याजोगें हें यंत्र अनेक देशांत गेलें. भारतांत बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत इ. स. १९७४ मध्यें ग्रामोपयोगी विज्ञानाचें 'अस्त्रा' हें केंद्र निघालें, आणि तेथें जगदीश, वेंकटराम रेड्डी प्रभृतींनीं या विटेचा पद्धतशीर अभ्यास केला व 'अस्त्राम' यंत्र सिद्ध केलें. पांडिचेरीजवळील ऑरोव्हिलमध्येंही अशीं यंत्रें होतात. तेथील अभ्यागतांचें केंद्र इ. स. १९९२ पर्यंत अशाच विटांचें बांधून झालें.

बंगलोरच्या मंडळींनीं एक साधी पण मर्माची गोष्ट सांगितली आहे, तिच्यावर आम्ही थोडें थांबतों. पेटीचें आकारमान कायम, दांड्याची फेरही कायम. तेव्हां विटेचा घट्टपणा कशावर अवलंबून? पेटींत माती किती घातली यावर. मजूर फावड्यानें भरील तर एक वीट घट्ट व दुसरी पोकळ होईल. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतील, कारण पेटी एकच. म्हणून दर विटेची माती तराजूंत तोलून घालावी. २३ × १९ × १० सेंटिमीटरच्या विटेचा घनफळ ४,३७० घन सेंटिमीटर. कोरडी घनता १.८ धरिल्यास वजन सुमारें ७.९ किलो, आणि पाण्याचा दहावा हिस्सा मिळवितां पेटींत घालावयाची दमट माती सुमारें ८.६५ किलो. किराणा दुकानांतील तराजू या कामास पुरतो. आम्ही पाहिलेल्या यंत्रवाल्यांपैकीं एकाच्याही जवळ तो नव्हता.

आतां आमचा अनुभव. यंत्र भाड्यानें देणाऱ्या गृहस्थांचें नांव घेण्याचें कारण नाहीं. त्यांनीं आमच्यासमोर एक वीट ठेविली, तिच्यावर ते उभे राहिले, हातोडीनें ठोकून तिचा आवाज ऐकविला, आणि माती आवारांतच खणून घेतां येईल, दळणवळणाचा खर्चच नाहीं, असें सांगितलें. आमचा गांव भीमेच्या खोऱ्यांतला. आवारांत चार हात खणलें तरी काळी. विटा झाल्या. त्या उन्हांत रचून ठेविल्या, कारण 'कच्ची वीट उन्हांत वाळवावी' हें आम्हांसही ठाऊक होतें! पंधरा दिवसांनीं त्या सुरेख दिसत होत्या. एका रात्रीं आम्हीं त्यांतील एक बादलीभर पाण्यांत टाकली. सकाळीं बादलींत वीट नव्हती. तळाशीं चिखल व वर गढूळ पाणी होतें. दुसरी टाकली, तिचीही तीच गत.

यांत दोन चुका एकावर एक बसल्या होत्या. काळ्या मातीची चिकण पाणी पिऊन फुगणारी असते; थोडक्या सिमेंटनें ती आवरत नाहीं. तिला चुना लागतो, आणि तरीही ती कष्टाची. दुसरी चूक उन्हाची. व्हिट्रुव्हिअसची वीट वाळण्यानें पक्व होते. सिमेंटची वीट भिजत राहण्यानें. दाबून काढल्यावर तीन-चार आठवडे ती गोणपाटाखालीं ओलसर ठेवावी लागते. ती जुन्या रीतीनें वाळविली म्हणजे सिमेंट अर्धें मरतें. जुन्या विटेचें शहाणपण नव्या विटेस विष ठरतें, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. आणि यंत्रवाल्यांनीं कां सांगितलें नाहीं, तें त्यांनाच ठाऊक.

तेव्हां आम्हीं मातीची परीक्षा मुळापासून केली. पहिली बाटलीची : काचेच्या उभ्या बरणींत माती व पाणी घालून हालवून ठेवावें, वाळू लगेच तळाशीं बसते, मग पोयटा, आणि चिकण पाण्यांत तरंगत राहून सर्वांत शेवटीं बसते. थरांच्या जाडीवरून अंदाज मिळतो, पण अंदाजच. दुसरी पेटीची, आणि आमच्या मतें हीच खरी. ६० सेंटिमीटर लांब, ४ रुंद व ४ खोल अशी लाकडी पेटी आंतून तेल लावून ओल्या मातीनें दाबून भरावयाची व सावलींत वाळवावयाची. माती किती आंखडली तें एका टोकास सरकवून मोजावें. सिन्व्हा-राम यंत्राच्या माहितीपुस्तकांत यावरून सिमेंटचें प्रमाण दिलें आहे : आंखडणें अर्ध्या इंचाच्या आंत असल्यास अठरा भाग मातीस एक भाग सिमेंट; एक इंचापर्यंत सोळास एक; दीड इंचापर्यंत चौदास एक; दोन इंचांपर्यंत बारास एक. त्याहून अधिक आंखडणारी माती वाळू मिसळून सुधारावी किंवा सोडून द्यावी. आमच्या आवारांतील माती पेटींत तुकडे होऊन पडली व मधली कमान होऊन वर उचलली. तिला मोजमापाची गरजच राहिली नाहीं. ही पेटी हातांत घेतली तेव्हां मानव शुल्बसूत्र पुन्हां आठवलें. तेथेंही करण व तेथेंही आंखडणें; पण सूत्रकार आकुंचन मोजून सांचा वाढवितो, आणि हा नवा शास्त्रज्ञ आकुंचन मोजून मातीच बदलतो.

पुढें माळावरचा तांबूस मुरूम चाळून, त्यांत ओढ्याची वाळू व थोडी पांढरी मिसळून, तीन वेगवेगळ्या प्रमाणांच्या पेट्या भरल्या. ज्या मिश्रणाची फट बोटाच्या रुंदीहून कमी भरली तें पत्करलें, आणि सोळास एक या प्रमाणानें सिमेंट घेतलें. पाण्यासाठीं गोळ्याची परीक्षा : मुठींत दाबलेला गोळा कमरेच्या उंचीवरून सोडावा, चूर झाला तर पाणी कमी, चपटा होऊन राहिला तर जास्त, चार-पांच तुकडे झाले तर बरोबर. हें सकाळीं एकदां करून भागत नाहीं. दुपारच्या उन्हांत ढीग सुकतो आणि मजूर अंदाजानें पाणी शिंपडतात. म्हणून दर घाणीस गोळा टाकून पाहण्यास वाचनालयाचा शिपाई बसविला. तो या कामांत इतका तरबेज झाला कीं, पुढें गोळा न टाकतां मुठीवरूनच सांगूं लागला. आम्हीं मात्र टाकावयास लावलाच.

शेवटची परीक्षा भाराची. भारतीय मानक संस्थेनें या विटेसाठीं १७२५ क्रमांकाचें मानक इ. स. १९६० मध्यें काढिलें. तें १९८२ मध्यें व पुन्हां २०१३ मध्यें सुधारलें. १९८२ च्या आवृत्तींत विटेचे २० व ३० असे दोन वर्ग होते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास तितके किलो भार. आणि पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या शेंकडा १५. आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें एवढेंच कीं भार वीट भिजवून पाहावयाचा. कोरड्या विटेवर उभें राहणें हा खेळ आहे. मातीची वीट कोरडी असतां जो भार सोसते त्याच्या निम्म्याच्या आसपास भिजल्यावर सोसते, आणि भिंत पडते ती पावसाळ्यांत. आमच्या दुसऱ्या तुकडीच्या विटा आम्हीं जवळच्या एका अभियांत्रिकी पाठशाळेंत पाठविल्या. भिजलेल्या विटांचा भार कोरड्यांच्या निम्म्याहून कांहीं अधिक उतरला, आणि एका मजल्याच्या खोलीस तो पुरे असें तेथील अध्यापकांनीं लिहून दिलें.

खर्चाचें प्रकरण याहून गोंधळाचें. यंत्रवाल्यांच्या पत्रकांत एका दाबविटेची किंमत एका भाजलेल्या विटेच्या किंमतीशेजारीं मांडली होती. दोन वस्तूंचें आकारमान निराळें असतां अशी मांडणी करणें म्हणजे एका दप्तराचे रुमाल मोजून दुसऱ्याच्या कागदांशीं तुलना करणें होय. २३ × १०.५ × ७ सेंटिमीटरची भाजलेली वीट १,६९० घन सेंटिमीटर भरते; वर सांगितलेली दाबवीट तिच्या सुमारें २.६ पट. तुलना भिंतीच्या घनमीटराची असावी, विटेची नव्हे. ही चूक खरें तर यंत्रवाल्यांच्याच विरुद्ध जात होती, म्हणून ती त्यांनीं जाणूनबुजून केली असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या बाजूनें जाणाऱ्या चुका दुसऱ्या होत्या. वाळूची गाडी धरली नव्हती. माती खणणें व चाळणें धरलें नव्हतें. तीन आठवडे पाणी शिंपडणारा माणूस धरला नव्हता. आणि फुटक्या विटा, जणूं कांहीं फुटतच नाहींत!

सिमेंटचा हिशेब कोणासही घरीं बसून करितां येईल. ७.९ किलोच्या विटेंत शेंकडा ६ सिमेंट म्हणजे ०.४७ किलो, पन्नास किलोच्या पोत्यांत सुमारें १०५ विटा. माती वाईट म्हणून सिमेंट ९ वर नेलें तर पोत्यांत सत्तरच. तेव्हां चांगल्या मातीची गाडी दोन मैलांवरून आणण्याचा खर्च एका बाजूस आणि दर शंभर विटांमागें जवळजवळ अर्ध्या पोत्याचा वाढावा दुसऱ्या बाजूस, असा तो सौदा आहे. आमच्याकडे गाडी स्वस्त पडली. कोंकणांत, जेथें तांबडी माती पायाखालीं आहे, तेथें हा प्रश्नच उठणार नाहीं. तेथें जांभ्याचा चिरा स्वस्त पडतो कीं वीट, एवढेंच पाहावें लागेल.

मजुरीचा आंकडाही फसवा आहे. चार-सहा माणसांच्या टोळीनें लहान हातयंत्रावर दिवसास तीनशें विटा काढणें हें चांगलें काम समजावें. पण वीट काढणें हा कामाचा एक अंश. खरा वेळ माती चाळण्यांत, कोरडें मिसळण्यांत व पाणी जोखण्यांत जातो. ज्या गांवीं वीटभट्टी जवळ व जळण स्वस्त, तेथें पैशाच्या हिशेबांत भाजलेली वीट या नव्या विटेस सहज टक्कर देते. दाबविटेचा निर्विवाद फायदा जळणाचा आहे. रेड्डी व जगदीश यांच्या इ. स. २००३ च्या लेखांत एका भाजलेल्या विटेस ४.२५ मेगाज्यूल व शेंकडा ६ सिमेंटच्या एका दाबविटेस २.६० मेगाज्यूल ऊर्जा धरली आहे; दाबवीट अडीच पटींहून मोठी, म्हणजे समान आकारमानास सुमारें चौथाई. भट्टींत जाणारें जळण गांवच्या झाडांचें किंवा दूरच्या खाणीचें असतें, आणि त्याची पूर्ण किंमत विटेच्या भावांत उतरत नाहीं. पण वर्गणीदारांस पावती रुपयांची द्यावी लागते, झाडांची नव्हे.

दप्तरांतील इमारतखर्चाच्या यादी वाचण्याची आम्हांस संवय. त्यांत सामान, मजुरी, गाडीभाडें अशीं कलमें वेगळालीं असतात व बाद गेलेला मालही कोठें तरी दाखविलेला असतो. त्याच धर्तीवर आम्हीं खोलीची कीर्द लिहिली आणि पहिल्या तुकडीचा सर्व खर्च दुसरीच्या माथीं घातला. तसें केल्यावर भिंत भाजलेल्या विटेच्या भिंतीहून स्वस्त पडली नाहीं. जवळजवळ तेवढ्यालाच पडली. पहिली तुकडी वजा केली असती तर चौथाईनें स्वस्त दिसली असती, आणि कांहीं सभासदांचा तसा आग्रहही होता. दोन्ही आंकडे वाचनालयाच्या वहींत लिहिले आहेत, कारणांसह. पुढें कोणी अशी खोली बांधूं लागला तर त्यास दोन्हींचा उपयोग होईल. एकच आंकडा ठेविला असता तर तो पत्रकासारखा झाला असता.

खोलीस दगडी जोतें कमरेइतकें घेतलें आहे, छपराची वळचण दोन हात बाहेर काढिली आहे, आणि भिंतीस बाहेरून चुन्याचा हात दिला आहे. पेट्या भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी घोड्यांवर ठेविल्या आहेत. दोन पावसाळे गेले. पन्हळ फुटल्यामुळें वायव्येच्या कोपऱ्यांत खालच्या थरांतील तीन विटांच्या कडा झिजल्या; त्या काढून नव्या बसविल्या. पोथ्यांस दमटपणा लागला नाहीं. सभेंतील वक्त्यांस मानव शुल्बसूत्रांतील तो नियम उतरून पाठविला आहे. त्यांचें उत्तर अद्याप आलें नाहीं. दुसऱ्या तुकडींतील एक वीट आम्हीं खोलीच्या दाराशीं त्याच जुन्या बादलींत पाण्याखालीं ठेवून दिली आहे. हा लेख छापावयास देतेवेळीं तिच्या कडा शाबूत आहेत.